विठोबावरचं फडकं

त्या दुष्काळी सालात नगर रोडवर भर दुपारी पाणी दिसायचं. कायगावच्या पुलाखाली गोदामाय वाळूची होऊन पडली होती, आणि इकडं डांबरावर मात्र भरलेली नदी. हलती, चकाकती, कडेच्या लिंबाची सावली पोटात घेतलेली. गाडी जवळ गेली की ती नदी तेवढीच मागं सरायची. बद्रीनाथला हे मृगजळ पाठ होतं. वाळूजच्या कारखान्यांतला माल घेऊन मद्रास म्हणू नका, कलकत्ता म्हणू नका, असल्या नद्या त्यानं मुलूखभर पाहिल्या होत्या. तरी दर खेपेला त्याचा पाय ॲक्सिलेटरवरून आपसूक उचलला जायचा. कुणाच्या भरल्या पाण्यात चाक कशाला घालायचं, असं काहीतरी त्याला वाटायचं.

बद्रीनाथ माळकरी माणूस. गळ्यातली तुळशीची माळ बापानं स्वतःच्या हातानं घातलेली. केबिनमध्ये पुढच्या काचेपाशी पितळेचा वीतभर विठोबा, त्याच्यापुढं बुक्क्याची डबी, उदबत्तीचं घर. रोज सकाळी टायरला पाणी मारायच्या आधी विठोबाला पाणी. पण त्या दिवशी विठोबा दिसत नव्हता. त्याच्यावर लाल चौकड्यांचं फडकं होतं.

त्या फडक्याची गोष्ट अशी. लांबच्या वाटेला ड्रायव्हर घरापासून महिना महिना तुटतो. अंगाला डिझेलचा वास, डोळ्यांत झोप, आणि वाटेवर काही ढाबे असे की त्यांच्या मागल्या बाजूला खोल्या असतात. बद्रीनाथचाही पाय तिकडं वळायचा. वळायच्या आधी तो गळ्यातली माळ काढायचा, विठोबाच्या गळ्यात घालायचा आणि वरून फडकं टाकायचा. परत आला की नळाखाली डोक्यावरून पाणी घ्यायचा, धुतलेली बनियन घालायचा, फडकं काढायचा, माळ परत गळ्यात. “रामकृष्ण हरी.” झालं, पुन्हा निर्मळ.

ट्रकतळावरच्या दवाखान्यातल्या ताईंनी त्याला फाटकापाशी निरोधची पाकिटं द्यावीत, तर हा हात जोडून परत करायचा. “ताई, केबिनमधी देव हाय. तिथं असलं ठेवत नाय मी.” आणि त्याला मनापासून वाटायचं, की आपण देवाची अदब राखली.

मग कडुबाचा फोन आला. कडुबा म्हणजे त्याचा जोडीदार ड्रायव्हर. एक झोपला की दुसरा चालवायचा, अशी कैक वर्षांची जोडी. त्याला वरचेवर ताप यायला लागला, अंगावरचा सदरा लोंबायला लागला, आणि अखेर तो गावी जाऊन पडला. फोनवर आवाज मात्र ठणठणीत होता. “बद्र्या, मला एच.आय.व्ही. निघालाय. गोळ्या चालू झाल्या, बरा हाय आता. पण तू तपास. म्या जिथं गेलो तिथंच तू बी गेलास.”

बद्रीनाथनं फोन ठेवला आणि विठोबावर फडकं टाकलं. कुठं जायचं नव्हतं, तरी टाकलं. तेव्हापासून काढलंच नव्हतं. माळही आतच, देवाच्या गळ्यात.

गंगापूरच्या फाट्यावर एक म्हातारे गृहस्थ उपरणं हलवत उभे होते. धोतर, काळी टोपी, काखेत झोळी. एस.टी. न थांबता गेलेली, जीपगाडीला माणसं बाहेरून लटकलेली. बद्रीनाथनं गाडी कडेला घेतली.

“शहरापर्यंत सोडशील का रे बाबा? पुंडलिकनगरला जायचंय.”

“बजाजनगरापतुर येतो मी. तिथून तुमाला रिक्षा भेटंल. या, वर या. हात द्या.”

ते वर चढले, पदराची गाठ सोडावी तशी हळूच झोळी मांडीवर घेतली. आत चिपळ्या वाजल्या.

“कीर्तनकार का, बुवा?”

“आडनावानं कारकून, नावानं अनंत, आणि छंदानं नारद,” म्हातारे हसले. “बँकेतून सुटलो तेव्हापासून हेच. अनंतबुवा म्हणतात लोक. गंगापूरला रामाच्या देवळात काल उत्तररंग रंगला बघ. माणसं तहानलेली असली की कान फार देतात.” मग त्यांची नजर पुढं गेली. “हे काय? देव आहे ना हा आत?”

“विठोबा हाय.”

“मग झाकला का?”

बद्रीनाथनं गिअर बदलला. “ऊन लागतंय त्येला.”

बुवांनी काचेबाहेर पाहिलं. ऊन तर त्यांच्याच बाजूनं येत होतं, विठोबा सावलीत होता. लिंबेजळगाव मागं पडलं, नव्या इमारतींचे सांगाडे दिसायला लागले, त्यांच्या बाजूनं पाण्याच्या टँकरांची रांग. रस्त्यावरची नदी पुढं पुढं पळत होती. बुवा चिपळ्यांवर बोट आपटत तिच्याकडं बघत राहिले.

“माझी सून आहे, स्वराली,” उतरताना ते म्हणाले, “तुमच्या ट्रकतळावरच्या दवाखान्यात असते. माझ्या कीर्तनाला पेटीची साथही तिचीच. परवा तिथंच कीर्तन ठेवलंय, दुपार कलली की. तू ये. विठोबालाही आण. ऊन नसेल तेव्हा.”

*

बजाजनगरातल्या एका खोलीत बद्रीनाथचा संसार होता, म्हणजे त्या साली आला होता. आधी सोनिया गावाकडं सासूबरोबर असायची. विहिरीनं तळ दाखवला तशी सासू दगडाबाई जनावरं घेऊन चारा छावणीत गेली आणि सोनिया दोन पातेली, एक ट्रंक घेऊन नवऱ्याच्या खोलीवर आली. लग्नाला काही वर्षं झाली होती, पण सलग आठ दिवस एका छताखाली असं पहिल्यांदाच. दुष्काळानं सगळ्यांचं नेलं, तिला मात्र नवरा आणून दिला, असं तिला वाटलं होतं. वाटलं होतं, म्हणजे पहिल्या खेपेपुरतं.

“गळ्यातली माळ कुठंय?” त्या संध्याकाळी तिनं ताट वाढत विचारलं.

“तुटली. गाठवायची हाय.”

“आन् अंथरूण कामून दाराशी ओढलं?”

“सांगितलं ना. सप्ताह उठूस्तोवर अनुष्ठान हाय माझं.”

“मागल्या खेपेला बी अनुष्ठानच व्हतं.” सोनियानं भाकरीवर लसणाची चटणी ठेवली, जरा जोरातच. “लोकाच्या नवऱ्याला दारू लई झाली म्हून बाया रडतात. मला देव लई झालाय. सवत म्हून विठोबा पदरात पडला, कुणाला सांगू?”

बद्रीनाथ हसला नाही. ती हसेल म्हणून थांबली होती, तीही मग हसली नाही. तिला लेकरू हवं होतं; सासूनं छावणीतून निरोप धाडला होता, पाऊस पडायच्या आत काहीतरी गोड कळू द्या म्हणून. बद्रीनाथला हे माहीत होतं, म्हणून तर तो दाराशी निजायचा. तिच्या अंगाला हात लावावा तर भीती, आणि न लावायचं कारण सांगावं तर त्याहून भीती. सांगितलं तर ही ट्रंक उचलील आणि जाईल. कुठं जाईल? विहीर तर कोरडी पडलीय. डोळा लागला तेव्हा त्याला दिसलं, की त्याची गाडी भरल्या नदीत उभी आहे, पाणी चाकावरून, दारावरून चढतंय, आणि केबिनमध्ये फडक्याखालून कुणीतरी हळू आवाजात त्याला नावानं हाक मारतंय.

*

ट्रकतळावर लिंबाच्या झाडाखाली एक रिकामा ट्रेलर लावला होता, त्याचा बाजूचा फाळका पाडला की झाली कीर्तनाची गादी. मागं स्वराली पेटी घेऊन बसलेली. दुसरा एक ड्रायव्हर, जालन्याचा बन्सी, तबल्यावर. त्याचा हात डिझेलचा असला तरी तालाला पक्का. समोर लुंगीतले, बनियनमधले, नुकतेच उठलेले ड्रायव्हर. कुणी पंजाबचा, कुणी बिहारचा, बाकी आपले मराठवाड्याचे.

नमन झालं, पूर्वरंग झाला. मध्यंतरात बुवांच्या गळ्यात हार पडला, सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लागला. हार पडल्यावर कीर्तनकाराचा आवाज बदलतो. ज्यांना कीर्तनाची ओढ आहे त्यांना हे ठाऊक असतं. आता तो घरचा माणूस राहत नाही. गादीवर असेपर्यंत नारदाचा.

“आख्यान असं आहे बरं का,” बुवांनी चिपळ्या टिपेला नेल्या आणि एकदम खाली आणल्या. “एक नावाडी होता. त्याच्या नावेच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, देव बसवलेला. पाण्यात खडक कुठं, भोवरा कुठं, हे देव त्याला सांगायचा, आणि हा वल्हवायचा. पण पलीकडच्या काठाला एक आडवाट होती. तिकडं जायचं मनात आलं की नावाड्याला लाज वाटायची. मग काय करायचा? देवावर पंचा टाकायचा.”

बद्रीनाथ मागं, आपल्या गाडीच्या पायरीवर बसला होता. त्याचा हात पायरीच्या लोखंडावर घट्ट झाला.

“पंचा टाकायचा आणि जायचा. एकदा असाच गेला. परतताना नाव खडकावर लागली. पाणी आत यायला लागलं. नावाडी ओरडला, देवा, मला सांगितलं का नाहीस? तर पंच्याखालून देव म्हणतो, अरे वेड्या, मला लाज कधी वाटली होती? लाज तुझी होती. मी तर आडवाटेलाही तुझ्याबरोबरच होतो, तू मला नाळेवरून उतरवलं थोडंच होतंस. फक्त मला दिसत नव्हतं. मी अंधारात बसून तुझी काळजी करत होतो.”

पेटीनं सूर धरला. “जय जय रामकृष्ण हरी,” सगळ्यांनी उचललं. उन्हं कलली होती, धुळीतून सोनेरी उजेड वाहत होता, आणि बद्रीनाथला वाटलं, तळावरच्या साऱ्या गाड्या हलू लागल्यात. नाळेला देव बसवलेल्या नावा, एकीमागं एक, कोरड्या जमिनीवरून हळूहळू तरंगत निघालेल्या. त्यानं डोळे पुसले. बुक्का डोळ्यांत गेला असेल.

“आता उघड बोलतो,” बुवा म्हणाले. “घरी मला हा शब्द बोलवत नाही. पण गळ्यात हार आहे, म्हणजे लाजायचा अधिकार मला नाही. निरोध वापरा रे बाबांनो. दर वेळी वापरा. एच.आय.व्ही. हात धरल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. निरोधाशिवाय केलेल्या संगानं होतो, रक्तातून होतो, आईकडून बाळाला होतो. आणि झाला तर औषध आहे. पण आधी तपासायला नको?”

“बुवा, तुमी वापरता का?” बन्सीनंच तबल्यावरून विचारलं. सगळा तळ हसला. पेटीमागं स्वरालीनं मान खाली घातली, पण खांदे हलत होते.

“माझं वय बघ की रे! मी फक्त छत्री वापरतो,” बुवा म्हणाले, “आणि ह्या वर्षी तीही माळ्यावर पडून आहे.”

हसणं लिंबापर्यंत गेलं, पाखरं उडाली. बद्रीनाथही हसला, कितीतरी दिवसांनी. मग उठला, केबिनमध्ये चढला आणि फडक्याचं टोक धरलं. पण काढवेना. उघडला तर विठोबा पहिलं काय विचारील, हे त्याला कळत होतं. आईचं विचारणार नाही, कडुबाचं विचारणार नाही. सोनियाचं विचारील.

*

पहाटे टँकर यायचा. गल्लीत हंडे, घागरी, रंगाचे डबे ओळीनं लागलेले, आणि प्रत्येक ओळीच्या बाजूला जांभया देणारी बाई. बद्रीनाथ येऊन सोनियाच्या घागरीशेजारी उकिडवा बसला. तिनं आश्चर्यानं पाहिलं. पुरुष पाण्याच्या ओळीत बसत नसत.

“अनुष्ठान मोडून आलाय व्हय ह्यो?” शेजारची लक्ष्मीबाई सोनियाला म्हणाली आणि हसत पुढं, टँकरची वाट बघायला गेली.

“अनुष्ठान नाय,” बद्रीनाथ घागरीकडं बघत म्हणाला. “मी खोटं बोललो.”

मग त्यानं सांगितलं. ढाबे, खोल्या, विठोबावरचं फडकं, परत केलेली पाकिटं, कडुबाचा फोन. हळू आवाजात, सारवासारव न करता. “मला बी झाला आसंल. तुला बी दिला आसंल, मागं. ठावं नाय. म्हून मी दाराशी निजत व्हतो.”

सोनिया काही बोलायच्या आत टँकर आला. एकच आरडाओरडा उठला. तिनं पदर खोचला, नळी धरली, घागर भरली, हंडा भरला, दुसरा हंडा भरला. थेंब सांडू दिला नाही. बद्रीनाथ हंडा उचलायला वाकला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः उचलून नेला. तो मागं मागं गेला, रिकाम्या हातानं.

खोलीत हंडा ठेवून ती वळली. डोळे कोरडे होते.

“देवावर फडकं टाकलं,” ती म्हणाली. “त्येला दिसू नये म्हून. आन् माज्यावर काय टाकलं? अनुष्ठान! मला वाटायचं, मलाच अंगाचा वास मारतोय का काय. डोक्यावर पाणी घ्यायला नाय अन् मी चोरून आंगोळ करायचे, तुमी यायच्या दिवशी. टँकरच्या पाण्यानं!”

बद्रीनाथ उंबऱ्यावरच खाली बसला.

“माझी ट्रंक कुठंय?”

त्यानं कोपरा दाखवला. सोनियानं ट्रंक उघडली, लग्नातलं धुवट लुगडं काढलं, आणि त्याच्याकडं पाठ करून म्हणाली, “बाहेर थांबा. नेसते. दवाखान्यात काय ह्या वल्ल्या पातळात येऊ?”

*

स्वरालीताईंनी दोघांशी वेगवेगळं बोलून घेतलं. वेगवेगळं रक्त घेतलं. निकालही वेगवेगळा सांगितला, दार लावून, शांतपणे, पाण्याचा पेला पुढं ठेवून. कुणाचं काय निघालं हे दुसऱ्याला सांगायचं ते ज्याचं त्यानं, असा तिथला नेम होता.

सोनिया आधी बाहेर आली आणि लिंबाखालच्या बाकावर बसली. मग बद्रीनाथ आला. मधे एका माणसाची जागा सोडून बसला.

“मला निघाला,” तो म्हणाला.

सोनिया समोर उभ्या गाड्यांकडं बघत म्हणाली, “मला नाय. तीन म्हयन्यांनी फिरून तपासायचं म्हणल्या. तवर पाकीट. नंतर बी पाकीट.” आणि थोड्या वेळानं, “गोळ्या नीट घेतल्या तर डाक्टरला इचारून लेकराचं बी बघता येतंय म्हणल्या. मी अजून काय ठरीवलं नाय. ऱ्हायचं का जायचं, ते बी नाय.”

“बरं.”

“बरं काय? रडा की जरा. मला एकटीला रडायला लाज वाटती.”

मग तो रडला. ती मधल्या जागेत सरकली नाही, पण आपला पदर त्या जागेवर पडू दिला. बद्रीनाथनं त्याला हात लावला नाही. नुसता बघत राहिला, जसं भक्तानं लांबून कळस बघावा.

*

मोठ्या दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. आधी मळमळ झाली, घेरी आली, मग अंगात बसल्या. डॉक्टरांनी जा म्हटल्यावर बद्रीनाथ पहिल्यांदा लांबच्या वाटेला निघाला. सोनिया भाकरी घेऊन तळावर आली आणि कधी नव्हे ती केबिनमध्ये चढली. तिनं इकडं तिकडं पाहिलं, आणि काही न विचारता विठोबावरचं फडकं उचललं.

पितळ काळवंडलं होतं. देवाच्या गळ्यात तुळशीची माळ होती, धुळीनं माखलेली.

“तुटली म्हणला व्हता ना?”

बद्रीनाथनं मान खाली घातली. तिनं फडक्याच्याच कोपऱ्यानं विठोबाचं तोंड पुसलं, लेकराचं पुसावं तसं, कानामागून. माळ काढून त्याच्या हातात दिली. घातली नाही, हातात दिली. मग गोळ्यांची डबी बुक्क्याच्या डबीशेजारी ठेवली. “रोज ह्याच्या डोळ्यांदेखत घ्यायची. चुकवली तर त्यो मला सांगंल.”

आणि मग पिशवीतून तिनं पाकिटांची चळत काढली आणि तीही तिथंच ठेवली, विठोबाच्या पायाशी.

“हे इथं?” बद्रीनाथ चमकला. “अगं, मी कुठं जानार नाय आता. माळंची आन—”

“आन घालू नका. तिला लई दिवस झाकून ठेवलंय तुमी.” सोनियानं पाकिटांची चळत नीट लावली. “मी जा म्हणत नाय. गेलात तर माझं दार बंद हाय, ते आत्ताच सांगते. पन तिथल्या खोलीतली ती बाई, तिनं माझं काय केलंय? ती बी पान्याच्या ओळीत उभी ऱ्हात आसंल. तिला कामून द्यायचा ह्यो रोग?”

विठोबा कमरेवर हात ठेवून दोघांकडं बघत होता, पुसलेल्या तोंडानं. सोनियानं त्याच फडक्यात, धूळ लागली नव्हती त्या बाजूनं, भाकऱ्या बांधल्या, गाठ मारली आणि खाली उतरली. उतरताना तिनं त्याचा हात धरला, पायरी उंच होती म्हणून. खाली पोचल्यावर लगेच सोडला नाही.

दुपारी कायगावच्या पुलाच्या अलीकडं रस्त्यावर नदी आली. भरलेली, चकाकती. बद्रीनाथनं गाडी लिंबाच्या सावलीला घेतली, फडक्याची गाठ सोडली, पहिला तुकडा विठोबापुढं धरला. गोळीची वेळ झाली होती, ती घेतली. माळ अजून खिशातच होती; सोनियाचा दुसरा तपास झाला की तिच्याच हातानं घालायची, असं त्यानं ठरवलं होतं. तिनं घातली तर.

मग गाडी निघाली. पाय आज उचलला गेला नाही. पुढं काचेपाशी कुणीतरी उघड्या डोळ्यांनी पाणी कुठं आहे आणि कुठं नाही ते बघत होतं, आणि नदी हळूहळू बाजूला होत वाट देत होती.